पोच

पोलीस ठाण्यासमोर, जॅकरांडाखाली माझं टेबल.
एका पायाखाली खोक्याची घडी,
वर टाइपरायटर, ज्याचं एक अक्षर
दरवेळी ओळीबाहेर उडी मारतं.
सव्वीस वर्षं मी कित्वेचे अर्ज टाइप करते.
हरवलेलं ओळखपत्र. शेजाऱ्याचं डुक्कर.
नवऱ्याने परस्पर विकलेले छपराचे पत्रे.
आणि सभेची सूचना,
तीन प्रतींत, सात दिवस आधी.

कुठे. केव्हा. किती डोकी. कर्णा असेल का.
विषय.

न्सोफ्वा मास्तर विषयापाशी अडायचे.
खाणीच्या शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेलेला,
आता विरोधी पक्षाचा माणूस.
काठीने मातीत नदी काढत म्हणायचे,
लिही, पाणी.
मग म्हणायचे, थांब, नळाला येणारं हिरवं पाणी.
मग, हिरवं खोड, तेवढंच धरून बसतील.
खोडायचे पैसे मी घेत नसे.

पहिली सूचना परत आली: बंदोबस्ताला पोलीस अपुरे.
दुसरी: त्या दिवशी मैदानात फुटबॉल.
तिसरीवर शिक्का नाही, नकार नाही,
चहाचा डागसुद्धा नाही.
मास्तरांनी पोच मागितली.
हवालदार सियामे म्हणाला,
अर्ज जमा झालाय, आणखी काय पाहिजे?

अर्ज जमा होतो.
माणसं जमा झाली की गुन्हा होतो.

शनिवारी बाजारामागच्या आंब्याखाली
आम्ही एकशे नव्वद होतो, मी धरून.
कर्ण्याच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं
आणि खरंच नव्हता.
मास्तरांनी एक बाटली उंच धरली,
म्हणाले, हे बघा.
पुढचं वाक्य धुरात गेलं.
माझी एक चप्पल तिथेच राहिली.
एकशे नव्वदांना पोलीस अपुरे होते,
एका मास्तरांना न्यायला
तीन गाड्या भरून आले.

गुन्हा: शांततेचा भंग.
(मोडली म्हणतात, तर तिचे तुकडे कुणी पाहिले?
आमच्या वस्तीत ती आधी होती कुठे?)
बाटली पुरावा म्हणून कपाटात गेली.
महिन्याभरात त्यातला गाळ तळाशी बसला
आणि तारखेला साहेबांनी ती उजेडात धरून विचारलं,
यात हिरवं काय आहे?
भूगोलाच्या मास्तरांना हसू आलं.
त्या हसण्याची वेगळी नोंद झाली.

त्यांची बायको, चिलेशे, रोज न्शिमाचं भांडं
चितेंगेत बांधून आणते.
पाठोपाठ शेजारणी येऊ लागल्या,
कुणी भाजी, कुणी सुकी मासळी, कुणी नुसत्याच.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात;
इथे पाचवं तोंड दिसलं की
जमाव म्हणतात.
म्हणून त्या चौघी चौघी उभ्या राहतात.
चौघी फाटकाशी, चौघी माझ्या झाडाखाली,
चौघी पलीकडे, कोळसेवाल्याकडे,
जिला कोळसा नको अशीच प्रत्येक.
सियामे मोजतो. पुन्हा मोजतो.
मी मान खाली घालून
कोऱ्या कागदावर टाइप करत राहते,
नुसता आवाज.

काल दिवस मावळल्यावर तो माझ्यापाशी आला,
टोपी काखेत.
रजेचा अर्ज हवा होता, तीन दिवसांचा.
कारण? मी विचारलं.
तो बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला,
मास्तरांची नदी होती साधारण तिथेच.
लिही, म्हणाला, पोट.
कुणाचं?
मुलीचं.
कशाने?
त्याने ठाण्याकडे पाहिलं.

मी पुढे एका शब्दाची जागा मोकळी सोडली.
सवयीने तीन प्रती काढल्या,
पैसे घेतले, सुटे दिले.
वरच्या साहेबाकडून पोच घे, म्हटलं,
तोंडी सांगितलेलं इथे टिकत नाही.

त्याने मान हलवली.
मग टोपी घातली आणि फाटकाकडे जाऊन
बायकांना म्हणाला, चला, चला,
पाच झालात.